तो रोल उष्टा होता

विहीणबाई, तो रोल उष्टा होता.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी "नाही" म्हणाले. तुमच्याकडे बघत म्हणाले. तुम्ही "बरं" म्हणालात, चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि पुढे काही विचारलं नाहीत. आता तुम्ही गेल्यावर मी खरं सांगायला बसले आहे. खरं वेळेवर सांगितलं तर उपयोगाचं, नंतर सांगितलं तर नुसती कुरकुर. हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण घरात कुणापाशी बोलले तर ते माझी समजूत घालतात. मला समजूत नको आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला होता. मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन पानं हवीत म्हणाल्या. मेघनाच्याने लिहवत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, असं सगळं त्यांना हवं आहे. ते संदीप लिहून देईल. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. मला कुणाबद्दल लिहिता येत नाही, कुणाशी तरी बोलता येतं. म्हणून तुमच्याशीच बोलते. छापायचं तर छापतील, नाहीतर ठेवून देतील.

वाचणाऱ्यांना एवढं सांगते की मी संदीपची आई आणि तुम्ही मेघनाची. परदेशातल्या या शॉमबर्ग गावी एका घरात दोन विहिणी. मी मुलाकडची, तेव्हा मान माझा, असं मी धरून चालले होते. तुम्ही पहिल्यांदा नागपूरहून आलात तेव्हा विमानतळावरून घरी येईपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नाही. लग्नात तुमच्याकडच्यांनी आमच्या पंगतीला पुरणपोळ्या गार वाढल्या होत्या, ते मी इतकी वर्षं मनात धरून होते. तुम्ही बँकेत कॅशवर नोकरी केलेल्या, इंग्रजी पेपर वाचणाऱ्या. तुम्ही माझ्याशी गोड बोललात की मला वाटायचं, ही मला शिकवते आहे.

मग त्या हिवाळ्यात माझा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. मेघना सकाळीच कामावर जायची. मी दोन दिवस केस तसेच बांधून फिरले. तिसऱ्या दिवशी तुम्ही कंगवा घेऊन माझ्यामागे उभ्या राहिलात. मी म्हटलं, विहिणीकडून वेणी घालून घेतली तर लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "इथे कोणते लोक आहेत बाप्पा? समोरच्या घरचं कुत्रं तेवढं बघते, अन् ते कोणाला सांगत नाही." मला हसू आलं. खांदा बरा झाल्यावरही वेणी तुम्हीच घालत राहिलात, आणि मी घालू दिली. त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही. बोलायची पद्धत नव्हती आमच्यात, हे खरं. पण मला तोंड नव्हतं असं नाही.

नाण्यांचा नाद तुम्हाला त्याच हिवाळ्यात लागला. संदीप तुम्हाला बँकेत खातं उघडायला घेऊन गेला होता. काउंटरवरच्या बाईने कागदात गुंडाळलेला नाण्यांचा रोल ड्रॉवरच्या कडेवर आपटून फोडला, आणि तो आवाज ऐकून तुमचे हात शिवशिवले. पुढच्या खेपेला तुम्ही हाफ डॉलरचे रोल घेऊन घरी आलात. हाफ डॉलर इथे कुणी वापरत नाही, दुकानात दिला तर गल्ल्यावरची पोरं उलटसुलट करून बघतात. म्हणून ती नाणी बँकेतच फिरत राहतात, आणि त्यात जुनी चांदीची अजून सापडतात. सापडलं तर ठेवायचं, बाकीची बँकेला परत. पैसे जेवढे आणले तेवढेच परत जातात. मग मिळतं काय, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की सारी नोकरी नाणी नुसती मोजली, एकाही नाण्याचं तोंड बघितलं नाही, आता बघू द्या.

मला तो रिकामपणाचा उद्योग वाटला आणि मी तसं म्हणालेही. स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर पसरून तुम्ही बसायचात. बोटं काळी व्हायची आणि त्याच बोटांनी चहाचा कप धरायचात. मी हात धुवायला उठवायची, तुम्ही धुवून येऊन पुन्हा काळे करायचात.

एवढे रोल फोडले, चांदी मिळेना. तेव्हा तुम्ही मला सांगायला लागलात की नाण्याच्या आधी रोल बघायचा असतो. आपल्या आधी कुणी तो चाळला आहे का, ते ओळखायचं. शोधणारी माणसं पुष्कळ आहेत या गावात. कुणी तपासलेल्या नाण्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावतो, कुणी कडेला पेनाची रेघ मारतो, म्हणजे फिरून आपल्याच हाती आलं तर कळावं. सगळी नाणी अलीकडची, जुनं एकही नाही, असं दिसलं की कुणीतरी वेचून घेतलेलं. आणि कागदाची कड बघायची. मशीनने बांधलेल्या रोलची दोन्ही टोकं एकसारखी आत वळलेली असतात. हाताने बांधलेल्याची चुण्या चुण्या.

मी म्हटलं, म्हणजे साच्यातली करंजी आणि हाताने मुरड घातलेली करंजी.

तुम्ही हातातलं नाणं खाली ठेवलंत. "हेच," तुम्ही म्हणालात. "अन् एक टोक साच्यातलं, दुसऱ्याला हाताची मुरड, तर समजायचं की कोणीतरी उघडून परत बंद केला."

"म्हणजे उष्टा," मी म्हटलं.

तो शब्द तुम्हाला इतका आवडला की तुम्ही तो बँकेतल्या बाईलासुद्धा शिकवून आलात. ती म्हणे "उश्ता" म्हणते. त्यानंतर आपल्या घरात रोल दोनच जातीचे राहिले, कोरे आणि उष्टे.

त्यावरून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, उष्टं ते उष्टं. कुणी बघून टाकलेलं आपण कशाला चिवडायचं? तुमचं म्हणणं, माणूस दमतो. पहिला रोल डोळे फाडून बघतो, शेवटच्याला नुसता हात फिरवतो, आणि तिथेच काहीतरी राहून जातं. म्हणून उष्टा रोलही टाकायचा नाही. मी म्हणायची, आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजून तुम्हाला सवय लागली आहे. तुम्ही म्हणायचात, आयुष्यभर ताटं वाढून तुम्हाला उष्ट्याची भीती बसली आहे. त्यावर मी भाजी निवडायला घ्यायची.

मग ती कुंकवाची गंमत झाली. लक्ष्मीपूजनाला तबकात ठेवायला मी तुमच्या ढिगातून मूठभर नाणी घेतली, चिंच-मिठाने काथ्याने घासून चकचकीत केली, हळदकुंकू वाहिलं. नंतर ती बाकीच्यांत मिसळून बँकेत गेली. ज्या बँकेतून आणायची तिथे परत करायची नाहीत, लांबच्या दुसऱ्या बँकेत द्यायची, हा तुमचा नियम. पण त्या दिवशी बर्फ पडत होतं आणि संदीपने कंटाळा केला, जवळच्याच बँकेत देऊन आला. जानेवारीत तुम्ही एक रोल फोडलात तर नाण्यावरच्या माणसाच्या केसांत लाल भुकटी. तुम्ही हाताला लावून वास घेतलात. कुंकू.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्हाला वाटलं, आपल्यातली एक बाई आहे कुणीतरी या भागात, तीही घरी बसून रोल चाळते. मराठी असेल, नाहीतर गुजराती असेल. तिला शोधून चहाला बोलवायचं तुम्ही ठरवलंत. बँकेतल्या बाईला विचारून आलात, अशी कोणी साडीवाली येते का. मेघना म्हणाली, हाऊ स्वीट, नक्की भेटेल. संदीप म्हणाला, मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. मी ते नाणं खिडकीशी नेलं आणि उलटून बघितलं. काथ्याचे ओरखडे होते.

मी म्हटलं, "ही बाई मीच आहे."

तुम्ही आधी रागावलात. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याचं तोंड जातं, हे तुम्ही मला ऐकवलंत. मग हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत. "विहीणबाई, आपणच आपलं उष्टं खाल्लं," म्हणालात. आणि डोळे पुसून झाल्यावर जे म्हणालात ते मला आता रोज ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही होत्या म्हणून. नाहीतर हिवाळाभर मी त्या बाईची वाट पाहिली असती. या घरात सगळे मला बरं वाटेल तेच बोलतात."

त्याच दुपारी मी तुम्हाला माझ्या मालकांचं सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दिरांना बाजूला नेऊन सांगितलं होतं की आता काही राहिलं नाही. दीर म्हणाले, दादाला कळू द्यायचं नाही. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही. आत गेले आणि सांगितलं, डॉक्टर म्हणतात तुम्ही उठणार नाही. दिरांनी माझ्याशी सहा महिने अबोला धरला. पण मालकांनी बांधावरून भांडण असलेल्या चुलत्याला बोलावून घेतलं आणि मिटवून टाकलं. मला म्हणाले, खुर्ची जवळ घे. तीन आठवडे आम्ही जेवढं बोललो तेवढं चाळीस वर्षांत बोललो नव्हतो.

तुम्ही ऐकत होतात, बोटं नाण्यांवर तशीच. म्हणालात, "माझ्या वेळी मला सांगाल का? ही मुलं नाही सांगणार."

मी म्हटलं, सांगीन, त्यात काय. साखर आणायला सांगावं आणि हो म्हणावं, तसं म्हणाले.

वर्षभराने तुमची वेळ आली. पोटात दुखायला लागलं, अन्न जाईना. दवाखान्यात पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात की डॉक्टर फार भरभर बोलतात, जे काय असेल ते माझ्या मुलीशी बोला, आणि तशी सही दिलीत. डॉक्टरांनी मेघनाला बाहेर बसवून सांगितलं. गाठ होती, आणि ती सगळीकडे पसरलेली. तुम्हाला सांगितलं की सूज आहे, औषधाने उतरेल.

घरी आल्यावर मेघना मला कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, "आई, प्लीज. तुमच्या पोटात काही राहत नाही, मला माहितीये. मम्मीला कळलं तर शी विल जस्ट गिव्ह अप. तुम्ही फक्त बोलू नका."

मला राग आला. पोटात काही राहत नाही, हे सून मला सांगते. मी म्हटलं, कधी गप्प बसायचं ते मला कळतं. तेव्हा तुम्हाला दिलेला शब्द मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण मला त्या मुलीला दाखवायचं होतं की मलाही तोंड आवरता येतं. तुमच्या मायेपोटी मी गप्प बसले असते तर आज एवढं टोचलं नसतं. मी हट्टापोटी गप्प बसले.

पुढच्या शनिवारी दुपारी मी फ्रीझरमधले मटार आणायला गॅरेजमध्ये गेले, तर संदीप तिथे कामाच्या टेबलाशी उभा. तुमच्यासाठी बँकेतून आणलेला नवा खोका उघडलेला, त्यातल्या एका रोलचं टोक उलगडलेलं, आणि तो चमच्याच्या दांड्याने ते टोक परत आत वळवत होता. शेजारी नाण्याच्या दुकानाची रिकामी प्लास्टिकची पाकिटं. त्याने त्या रोलमध्ये दोन चांदीचे हाफ डॉलर घातले होते. मला बघून चोरासारखा झाला. म्हणाला, "त्यांना एकदा तरी मिळू दे गं आई." माझा मुलगा आहे, त्याचं मन मला कळलं. पण त्याची मुरडही दिसली. माझ्या पोराला करंजी कधी जमली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलाशी बसलात. तुम्हाला बसायला उशी लागत होती तेव्हा. संदीप आणि मेघना उगीच स्वयंपाकघरात घुटमळत होते. तो रोल तुमच्या हातात आला. तुम्ही एक टोक बघितलंत, उलटा केलात, दुसरं बघितलंत. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही तो फोडलात. दोन पांढऱ्या कडा, बाकीच्यांसारखी तांबूस रेघ नसलेल्या. चांदी. मेघनाने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, संदीपने तुमच्या पायाला हात लावला. तुम्ही एक नाणं टेबलावर टाकून आवाज ऐकलात, छान वाजलं. तुम्ही हसलात. मुलं किती खूष झाली ते तुम्ही बघत होतात, असं मला आता वाटतं.

मग ते दोघं बाहेर गेले. तुम्ही रोलचा फाटलेला कागद चादरीवर सपाट केलात आणि माझ्याकडे सरकवलात.

"विहीणबाई, हा उष्टा आहे का?"

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं."

"मुरड तुम्हीच शिकवली मला. बघून सांगा."

मी कागदाकडे बघितलंही नाही. "नाही," म्हटलं. "कोरा आहे."

तुम्ही "बरं" म्हणालात.

तुम्ही नाण्याचं विचारत नव्हतात, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. जावई सासूसाठी चांदी विकत आणून रोलमध्ये लपवतो, तेव्हा सुजेचं दुखणं नसतं. तुम्ही हिशेबाच्या बाई. तुम्हाला तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी तुम्ही मला निवडलंत. मी "हो, उष्टा आहे" एवढं म्हणाले असते तर पुढचं तुम्हीच विचारलं असतंत.

त्या दिवशी उरलेले रोल तुम्ही फोडलेत, पण चष्म्याशिवाय. हात नुसते चालत होते. संध्याकाळी तुम्ही संदीपला सांगितलंत की सगळी नाणी परत देऊन या, आता नवा खोका नको, बसवत नाही. आणि ती चांदीची दोन नाणी त्याच्या हातात ठेवलीत. "हे तुम्ही ठेवा, जावईबापू." त्याला वाटलं आशीर्वाद आहे. तो बाथरूममध्ये जाऊन रडला. मला कळलं की ज्याचं होतं त्याला तुम्ही परत केलंत.

नंतरचे दिवस मेघना सगळ्यांना सांगत होती की मम्मी खूप बेटर आहे. तुम्ही खुर्चीत बसून तिला सांबारवडी, तुमच्याकडची कोथिंबिरीची वडी, शिकवलीत, हात न लावता, नुसतं सांगून. सारण सुकं झालं म्हणून तीनदा करायला लावलीत. भावाला व्हिडिओवर बोलावून तासभर बोललात आणि शेवटी त्याला म्हणालात, वहिनीशी नीट वागत जा. कपाट आवरलंत. बँकेत संध्याकाळी कॅश बंद करतात ते तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, मोजून, बांधून, दोन किल्ल्या लावून. तेच चाललं होतं. मुलांना ते बरं होणं दिसलं. मी बघत होते आणि गप्प होते. गप्प बसण्यात मी एवढी हुशार निघेन असं कुणाला वाटलं नव्हतं.

तुम्ही मला अजून एकदा संधी दिलीत. तेव्हा तुमचे हात वर जात नव्हते, म्हणून वेणी मी घालत होते. केस किती उरले होते, दोन बोटांएवढे. बाहेर समोरचा माणूस ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता, त्या मशीनचा आवाज येत होता. तो थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

मी तुमच्या पाठीमागे उभी होते. तोंडाकडे बघायचं नव्हतं, सोपं होतं. मी म्हटलं, "तेल जास्त झालं का?"

तुम्ही म्हणालात, नाही, ठीक आहे.

त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत. राग नव्हता तुमचा, तो असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही माझ्याशी मेघनाशी बोलायचात तसं बोलायला लागलात. चहा छान झालाय. आज ऊन आहे. मलाही तुम्ही बरं वाटेल तेच बोलायला लागलात, तेव्हा मी समजले की आता या घरात तुमचं कुणी राहिलं नाही. मालकांना तीन आठवडे मिळाले होते. तुम्हाला त्याहून जास्त दिवस मिळाले, आणि ते सगळे तुम्ही भोवती आम्ही माणसं असताना एकटीने काढलेत.

तुम्ही गेल्यावर तेरावा मधल्या वारी येत होता, म्हणून रविवारी केलं. मंडळातली पुष्कळ माणसं आली, फॉइलच्या ट्रेमधून जेवण आलं. जेवणं झाल्यावर मेघनाने नाण्यांची गोष्ट सांगितली. शेवटच्या दिवसांत मम्मीला चांदी सापडली, किती आनंद झाला, फोटो फिरवला. बायका डोळे पुसत होत्या. एक जण म्हणाली, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, दॅट्स अ ब्लेसिंग. मेघना माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही होतात ना तिथे. सांगा ना, कशी खूष झाली होती ती."

मी म्हटलं, "त्यांना सगळं माहीत होतं. तो रोल हातात आला तेव्हापासून. मला विचारलं त्यांनी, आणि मी खोटं बोलले."

मग कुणीतरी चहाचं काढलं आणि माणसं निघायला लागली. एवढं खरं मी बोलले आणि तेही नको तिथे, नको तेव्हा. तुम्हाला द्यायचं होतं ते मी पाहुण्यांना वाढलं.

मेघना बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढलंय. औषध घेतलं का. संदीप मधे पडायला बघत होता, मी त्याला म्हटलं, तिला राहू दे, तिचं बरोबर आहे. तिने आईसाठी जे केलं ते प्रेमाने केलं, आणि मी चारचौघांत ते उघडं पाडलं. माझ्या चुकीची शिक्षा तिने का भोगायची, हा विचार मला बोलायच्या आधी यायला हवा होता.

काल ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन माझ्या खोलीत आली. पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. मीही दुसरं टोक धरलं. बऱ्याच घड्या झाल्यावर तिने वर न बघता विचारलं,

"मम्मी घाबरली होती का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही दिवसभर तिच्याजवळ होतात."

"होते. विचारलं नाही."

तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. म्हणाली, "मी पण नाही." मग ती रडली. मला रडणाऱ्या माणसाला जवळ घेता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत ठेवला. खांदा दुखायला लागला, तरी ठेवला.

ती गेल्यावर मी बसून राहिले. जन्मभर मी लोकांना न विचारता सांगत आले. तू जाड झालीस, तुझा मुलगा ऐकत नाही, तुझी आमटी आळणी आहे. त्यालाच मी खरेपणा समजले, आणि तोच मिरवत आले. समोरच्याला विचारून मग त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हे मी कधी केलं नाही. तेल लावताना तुम्ही विचारलंत तेव्हा मी भ्याले ते खरं सांगायला नव्हे. सांगून टाकणं मला जमलं असतं. त्यानंतर तुम्ही जे बोलला असतात, ते ऐकत तिथे उभं राहायला मी भ्याले.

आज मेघना कामावर गेली आहे. घर रिकामं आहे. तुमची खुर्ची मी खिडकीपाशी ओढून घेतली आणि समोर बसले आहे. उशीर झाला आहे, उत्तर येणार नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. तरी विचारते, आणि विचारून झाल्यावर थोडा वेळ उठणार नाही.

तुम्ही घाबरला होतात का, विहीणबाई?